माळढोकाचं अभय

खूप जुन्या काळी, म्हणजे इतक्या जुन्या की त्या राज्याच्या वेशीचे दगडही आता सापडायचे नाहीत, एक राजा होता. राजा भला होता. हे मुद्दाम आधीच सांगतो. गोष्ट ऐकून झाल्यावर तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि शिव्या घालून मोकळं होण्याइतकी ही गोष्ट सोपी नाही.

त्याच्या राज्यात एक माळ होता. नजर पोचेल तिथवर आखूड गवत, मध्येच एखादी बोरीची जाळी, बस्स. या माळावर माळढोक राहायचे. कमरेएवढा उंच पक्षी, अंगाने जड, चालीने सावकाश. मादी वर्षाला एकच अंडं घालायची, तेही उघड्या जमिनीवर. घरटं नाही, काडी नाही, काही नाही.

त्याच माळावर धुळाप्पा नावाचा धनगर मेंढरं चारायचा. त्याच्या आज्यानेही तिथेच चारली होती. कुठे अंडं दिसलं की हे लोक चार बाजूंना दगड रचत आणि कळप वळसा घालून नेत. पिलू चालायला लागेपर्यंत तेवढ्या तुकड्यात खूर पडत नसे. यासाठी त्यांना कुणी कधी शाबासकी दिली नव्हती, आणि त्यांनी मागितलीही नव्हती.

एकदा राजा शिकारीला माळावर आला. समोर माळढोकाचा नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपूट उभारून नाचत होता. राजाने उचललेलं धनुष्य खाली ठेवलं.

"असे किती आहेत रे?" त्याने धुळाप्पाला विचारलं.

"पूर्वी लई व्हते, महाराज. आता तीसभर असतील. पाखरं धराया जाळी लावणारे सोडत न्हाईत."

राजाचा जीव कळवळला. त्याने प्रधानाला बोलावून सांगितलं, "या पक्ष्याला अभय द्या. काय लागेल ते करा."

प्रधान हुशार माणूस, कामाला वाघ. पण माळ त्याने पाहिला होता तो पालखीच्या पडद्याआडून. त्याने पंडित बसवले, पंधरा दिवस खल केला आणि हुकूम काढला. माळढोक मारील त्याला हद्दपार करावं. माळावर कुणी मेंढरू नेऊ नये, विळा नेऊ नये, पाऊलसुद्धा टाकू नये. आणि बिचारे पक्षी उन्हात भाजतात, तेव्हा माळभर झाडं लावावीत.

पहिली गोष्ट सोन्यासारखी होती, नाही कशाला म्हणू? जाळी लावणारे त्याच महिन्यात पळाले. घात केला तो पुढच्या दोन गोष्टींनी.

धुळाप्पा धावत दरबारात गेला. "महाराज, मेंढरं हायत म्हणून गवत आखूड ऱ्हातं. गवत आखूड हाय म्हणून मादीला कोल्हा लांबनं दिसतो. लेंड्या पडत्यात, त्यात किडं व्हत्यात, त्येच पिलं खात्यात. आन झाडं तर लावूच नगा! झाडावर कावळा बसंल, तिथनं त्येला अंडं दिसंल."

प्रधान हसला. "महाराज, हा पोटासाठी बोलतोय. चारा हवाय मेंढरांना, आणि नाव पक्ष्याचं!"

खरं सांगू? त्यात थोडं तथ्यही होतं. मेंढरांची काळजी धुळाप्पाला होतीच की. म्हणून त्याची जीभ अडखळली, आणि दरबाराला वाटलं, चोर पकडला.

राजाने मात्र त्याचा मान ठेवला. "तुझी माया मला दिसते, धुळाप्पा. तूच माळाचा राखणदार हो."

प्रधानाने लगेच बेलभंडारा मागवला. बेलाचं पान आणि देवाची हळद हातात घेऊन धनगराने शब्द दिला की प्राण गेला तरी तो मोडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धुळाप्पाने मनाशी विचार केला, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी येईल. निदान पाखरं माझ्या डोळ्यांपुढे तरी राहतील. त्याने बेलभंडारा उचलला. खूर, विळा, पाऊल, यातलं काही हद्दीच्या आत जाऊ देणार नाही. स्वतःचंही नाही.

भावकीने कळप हाकले आणि दुसऱ्या मुलखाची वाट धरली. जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग गवत गुडघ्याला लागलं, मग कमरेला. हुकुमाने लावलेली कडुलिंबाची झाडं फोफावली. प्रधान दरवर्षी हद्दीपाशी येई आणि म्हणे, "वा! काय हिरवंगार झालं!" पाखरं कमी झाली, असं धुळाप्पा कळवळून सांगे. त्यावर प्रधानाचं उत्तर ठरलेलं असे. "झाडीत दडली असतील. दिसत नाहीत, म्हणजेच सुखरूप आहेत."

काय बोलायचं अशा माणसापुढे!

सातव्या वर्षी एकच मादी उरली; शेवटचा नर विणीच्या दिवसांनंतर दिसला नव्हता. तिने हद्दीपासून पन्नास पावलांवर अंडं घातलं. भोवती उंच गवत, डोक्यावर लिंब, लिंबावर कावळे. धुळाप्पा बाहेरून दगड मारून कावळे उडवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा हात वर होईना.

त्याची बायको नागूबाई म्हणाली, "अवो, आत जावा की! गवत कापा, कावळं हाकला. कोण बघतंय?"

"भंडारा उचललाय मी."

"आण मोडली तर पाप तुमच्या एकल्याच्या डोक्यावर. पाखरू गेलं तर कुणाच्या? मी जाते. मी न्हाई काय उचललेलं."

ती निघालीच. धुळाप्पाने तिचा दंड धरला. "तुला जाऊ दिली तरी माझीच आण मोडती, नागू. राजाकडनं सोडवून घेतो. चार दिसांचा परश्न हाय."

राजधानी दोन दिवसांच्या वाटेवर होती. बायकोला मागे ठेवली तर ती आत शिरणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने तिलाही सोबत घेतलं. हद्दीवर कुणीच उरलं नाही.

राजधानीत हुकुमाला सात वर्षं झाल्याचा उत्सव होता. दारात तोरणं, भिंतींवर रंगवलेले माळढोक. "राजे कामात आहेत," म्हणून पहारेकऱ्यांनी दोघांना दोन दिवस बाहेर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी राजापर्यंत निरोप गेला, तसा तो उत्सव टाकून अनवाणी बाहेर आला.

"सोडला तुला शपथेतून! चल, आत्ता चल!"

घोडे फेसाळेपर्यंत पळवले. राजा स्वतः गवत तुडवत आत शिरला. लिंबाखाली अंड्याच्या कवचाचे तुकडे होते आणि मादीची मूठभर पिसं. मातीत कोल्ह्याची पावलं होती.

"तोडा ही झाडं!" राजा ओरडला. "मेंढरं आणा, हवी तितकी आणा! आजच्या आज!"

नागूबाई पिसं गोळा करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कुणासाठी, महाराज?"

राजा तिच्याशेजारी वाकून पिसं वेचू लागला. प्रधानाने पागोटं काढलं आणि तो लहान पोरासारखा रडला. त्याच्या रडण्यात खोट नव्हती, पण त्याचा आता काय उपयोग?

झाडं तुटली, कळप परत आले, गवत पुन्हा आखूड झालं. माळ अगदी पूर्वीसारखा दिसू लागला. धुळाप्पा आणखी बारा वर्षं जगला. रोज सकाळी तो सारा माळ पायाखाली घालायचा आणि हात हलवत परत यायचा. नागूबाई त्याला भाकरी वाढायची, बोलायची मात्र नाही. एकदाच त्याने विचारलं, "मी आत जायला हवं व्हतं न्हवं?"

ती म्हणाली, "व्हय," आणि भाकरी पुढे सरकवली.

ऐकणाऱ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: एखाद्या जीवाला अभय देणारा हुकूम काढण्याआधी तो जीव कशाच्या आधाराने जगतो ते त्याच्या शेजाऱ्याला विचारा, कारण हुकूम मागे घेता येतो, गेलेला जीव नाही.