कुंभाईच्या हाताचे माप

पूर्वी प्रतिष्ठान नगरीत एक राजा राज्य करीत होता. कसा करीत होता ते सोडा. बहुतेक राजे करतात तसाच. त्या वेळी बोधिसत्त्व एका कासाराच्या घरी जन्मला. त्याला तक्षशिलेला शिकायला धाडले होते, पण तो अर्ध्यातूनच परत आला. सगळ्या थोरांनी त्याला नावे ठेवली. त्यांतला एकही स्वतः तक्षशिलेला गेलेला नव्हता.

त्याचा मामा भद्रसेन हा नगरातल्या कासारांचा प्रमुख. त्याने भाच्याला बांगड्यांची पाटी दिली आणि नदीपलीकडची गावे दिली, जिथे काही खपत नसे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पाटी रिकामी झाली नाही तर ती परत करायची आणि जन्मभर मामाच्या भट्टीपुढे बसायचे, असे ठरले.

कासारांचा एक नियम होता. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासाराचे. म्हणून मामा सरसकट सैल बांगड्या विकी. पुढे ढोलवाला, मागे स्तुती गाणारे दोन भाट. चार दिवसांत दळताना बांगडी हातातून गळून पडे. बायका पुन्हा घेतील, हाही धंदाच, असे मामा म्हणे. त्याचे वय साठ होते. साठ वर्षांत त्याने एकही हात नीट पाहिला नव्हता.

बोधिसत्त्व हात पाहायला शिकला. अंगठा करंगळीकडे वळवायचा, सांधा दाबायचा, माप ठरवायचे, मगच बांगडी चढवायची. आईच्या हातावर तो रोज शंभरदा चढवी आणि उतरवी. हात आहे माझा, उखळ नव्हे, असे ती म्हणाली की तो दुसरा हात मागे. दर पाचव्या दिवशी, कोणी घेवो न घेवो, तो नदी ओलांडून जाई.

पलीकडे कुंभाई नावाची विणकरीण राहत असे. मागावर बसून तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. सांध्यावरून जाईल ती बांगडी मनगटात टिकत नसे, आणि मनगटाला बसेल ती सांध्यावरून जात नसे. नवरा धडधाकट असून सात वर्षे हात मोकळे. पौर्णिमेला लेकीचे लग्न होते, आणि मोकळ्या हातांच्या बाईने नवरीला हळद लावू नये, असे व्याह्यांनी कळवले होते.

पहिल्या खेपेला तिच्या हातावर चार बांगड्या फुटल्या. दुसऱ्या खेपेला तीन. तुकडे तो आपल्या पाटीत टाकी.

"कासारदादा, तुझी पाटी अशीच रिकामी व्हायची," कुंभाई म्हणाली.

तो तिचे सांधे तेलाने चोळत राहिला. पाच महिने.

पौर्णिमेला सकाळी तिच्या दोन्ही हातांत चार-चार हिरव्या बांगड्या चढल्या. एकही फुटली नाही. तिने लेकीला हळद लावली तेव्हा व्याही खाली बघत होते.

मग लग्नातल्या साऱ्या बायकांनी हात पुढे केले. पाटी तासाभरात रिकामी झाली असती. पण उरलेल्या बांगड्या त्या हातांच्या मापाच्या नव्हत्या. बोधिसत्त्वाने नुसते हात दाबून पाहिले.

"आज माप घेतो," तो म्हणाला. "बांगड्या पाचव्या दिवशी."

संध्याकाळी त्याने अर्धी भरलेली पाटी मामापुढे ठेवली. तक्षशिला सुटली तशी हीही सुटली, असे म्हणून मामा पोटभर हसला. बोधिसत्त्व भट्टीपुढे बसला आणि लक्षात ठेवलेल्या मापांच्या बांगड्या घडवू लागला.

पाचव्या दिवशी मामा स्वतः सैल बांगड्यांची पाटी आणि ढोल घेऊन पलीकडे गेला. बायका जमल्या. एकीनेही पदराबाहेर हात काढला नाही.

"राहू द्या, आजोबा," कुंभाई म्हणाली. "हात ओळखणारा कुठाय?"

मामाने पाटी तशीच परत आणली आणि भाच्यासमोर ठेवली. चुकलो असे तो म्हणाला नाही; मोठी माणसे म्हणत नाहीत. बोधिसत्त्वाने सैल बांगड्या काढल्या, मापाच्या भरल्या आणि निघाला. दिवस अजून पाचवाच होता.

रोजची साधना टाळून, लोक जमवायला गावोगाव मोठ्याने प्रवचने देत फिरणाऱ्या एका वृद्ध भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तो मामा तू होतास. कुंभाई म्हणजे विहाराच्या दारात सूत कातते ती उपासिका. आणि तो कासार मी."

याला वीर्यपारमिता म्हणतात. रोज तेच काम, नीट, कोणी बघत नसतानाही.