शेटजींचा रुमाल

आमच्या हळदपेठेत पूर्वी सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांनी रुमालाआड हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा. गर्दी बघत उभी, पण भाव कुणाला कळेल तर शपथ! आता कुठं राहिलंय ते?

आमचे रुद्राप्पाशेट त्यातले उस्ताद, अन् घमेंडही तेवढीच. पेढीवर कॉम्प्युटर आले, तेव्हा परगावच्या आमच्या शाखेतून निघालेला भाव समोरच्या व्यापाऱ्याला आधी कळायला लागला. माल तोच उचलायचा. हळद निवडणाऱ्या आम्हा बायकांचं काम बंद पडायची पाळी आली.

कॉम्प्युटर बघणारी मृणाल म्हणाली, "शेट, व्हीपीएन अन् फायरवॉल लावा."

"कशाला ती थेरं? तारेतनं जाणारा भाव कोण बघतंय? जमत नसेल तर घरी बस!"

"बसते. पण जाण्याआधी तुमचा रुमालाचा सौदा दाखवा की."

शेट फुलले. भरल्या पेढीत दलालाचा हात धरला, वर रुमाल टाकला. बोटं दाबतात तोच पोरीनं रुमाल ओढला.

"अगं सटवे, भाव दिसला की सगळ्यांना!"

"शाखेचा भाव रोज असाच उघडा येतो, शेट. व्हीपीएन म्हणजे हा रुमाल. फायरवॉल म्हणजे तुमच्या दारातला राखणदार, अनोळखी माणसाला आत न सोडणारा. इथं दोन्ही लागतात, मग तिथं का नकोत?"

आम्ही पदर तोंडाला लावून हसलो.

"लाव बाई," शेट पुटपुटले.

भाव फुटायचा थांबला अन् आमचं काम टिकलं. तो रुमाल शेटनी कॉम्प्युटर झाकायला दिला. शेट गेले, पण रुमालाचा हळदीचा वास अजून गेला नाही.