पिसाऱ्याने झाडलेली वाट

फार पूर्वी सागाच्या एका रानात कोल्ह्याने तरुणांचे सेवादल काढले. चित्रांग नावाचा तरुण मोर त्यात लगेच सामील झाला, कारण दलातल्यांना उंच खडकावर उभे राहून मिरवता येत असे.

उन्हाळ्यात रानाला वणवा लागला. कोल्ह्याने सेवेचे महत्त्व सांगायला घेतले. ज्वाळा दिसू लागल्या तरी भाषण संपेना. इतक्यात साळिंदरीण धावत आली.

"अरे, माझी पिल्लं बिळात अडकलीत! निदान भोवतीचा पाला तरी बाजूला करा रे!"

"आधी सगळे रांगेत उभे राहा," कोल्हा म्हणाला.

सगळे उभे राहिले. चित्रांगही राहणार होता, पण पिल्लांचे रडणे त्याच्या कानावर आले. तो बिळाकडे धावला आणि पिसाऱ्याने वाळका पाला झाडू लागला. साळिंदरीण माती उकरत होती. त्याची पिसे तुटली, उरलेली होरपळली. पण झाडलेल्या मातीपाशी येऊन आग थांबली.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. "एवढी सेवा केली, पण अंगावर एक डाग नाही!" असे म्हणत कोल्ह्याने रांगेतल्या सगळ्यांना हार घातले. चित्रांग मागे उभा होता. साळिंदराची पिल्ले त्याच्या पाठीवर चढली होती. त्यांचे काटे टोचत होते, तरी त्याला हसू येत होते.

"हा भुंडा पक्षी कोण?" कोल्ह्याने विचारले.

"मी होय? यांचा मामा," चित्रांग म्हणाला आणि पिल्लांना पाण्यावर घेऊन गेला.