कपाटातला बीकर

"सर, सही करताय ना?"

अभिनंदन मगदूमने तिसऱ्यांदा विचारलं. पाचला विद्यापीठाचं ऑफिस बंद होणार होतं. आज प्रबंध जमा झाला नाही, तर जर्मनीतली संशोधकाची जागा गेलीच म्हणून समजा. पोरगा हुशार, पण हे त्याचं त्यालाच जरा जास्त ठाऊक होतं.

त्याचे गाइड मुजावर सर सावकाश पानं उलटत होते.

टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर पाण्यातला रंग तोडते, पण त्यासाठी तिला अतिनील किरण लागतात. अभिनंदनने तिच्यात नायट्रोजन घातला होता. आपली ही पिवळसर पावडर साध्या उजेडातही रंगकारखान्याचं निळं पाणी नितळ करते, असा त्याचा दावा.

"अंधारात ठेवून पाहिलंस?"

पाहिलं होतं, पण जुन्या पांढऱ्या पावडरीवर. नवीचं काय वेगळं येणार, म्हणून तोच आकडा नवीच्या नावावरही लिहून टाकला होता. हे सांगताना त्याचा आवाज चढला.

सर उठले. निळ्या पाण्याच्या बीकरमध्ये त्यांनी चमचाभर नवी पावडर ढवळली, बीकर कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं.

"तासभर थांब."

"सर, वेळ कुठंय..."

सर खुर्चीत जाऊन बसले. जीव खाणारा तास होता तो. अभिनंदन नुसता येरझाऱ्या घालत राहिला. मनातून त्याला सरांचा भयंकर राग आला होता.

साडेचारला त्यानेच कपाट उघडलं.

पाणी नितळ. आणि तळाशी बसलेली पावडर निळी.

म्हणजे उजेडाचा काही संबंधच नव्हता. पावडरीने रंग तोडला नव्हता, नुसता अंगाला लावून घेतला होता. तीन वर्षं...

"पण सर, पाणी तर स्वच्छ झालं ना?" तो कसाबसा म्हणाला.

सरांनी खिशातलं पेन काढलं.

अभिनंदनने घाईघाईने मार्गदर्शकाच्या सहीचं पान पुढे केलं.

सरांनी एक पान मागे उलटलं. तिथं उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र होतं. यातले सगळे प्रयोग मी स्वतः केले आहेत, असं छापलेलं. खालची जागा कोरीच होती. घाईत राहून गेली होती.

सरांनी टोपण काढलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"आधी तू कर. मग मी करतो... न वाचता."