आरशात न दिसलेली कादंबरी

कुमुदिनी रेगेबाईंच्या कादंबरीवर दामूशेठनी सिनेमा काढला आणि त्यातल्या रक्तपिशाच्चाला चक्क वरातीत नाचवलं. पहिल्या खेळाला निम्म्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. कादंबरी वाचलेले मात्र "बाई विकल्या गेल्या" म्हणत त्यांच्याकडेच रागाने बघत होते.

दामूशेठनी बाईंना मंचावर नेलं आणि कानात बजावलं, "करार आठवतोय ना? फक्त कौतुक करायचं."

बाई हसून माईकवर म्हणाल्या, "रक्तपिशाच्च आरशात दिसत नाही, हा नियम शेठनी फार निष्ठेने पाळला. त्यांनी माझ्या कादंबरीसमोर सिनेमाचा आरसा धरला, आणि त्यात ती कुठेच दिसली नाही."

पहिली टाळी दामूशेठनीच वाजवली. मग सगळं थिएटर का हसतंय, हे विचारायला ते बाईंकडेच वळले.