ओट्यावरचं घोंगडं

गावांना अजून वेशी होत्या आणि दिवस सावलीवरून मोजत, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात रायाजी नावाचा कोष्टी राहत असे. त्याच्या हातमागावरची वस्त्रं राजवाड्यापर्यंत जात. पण गावात लोक त्याच्या घरी येत ते वस्त्रं बघायला नव्हे, त्याच्या बायकोची बाग बघायला.

बायकोचं नाव म्हाळसा. मुलंबाळं नव्हती. घरामागची ती जमीन हेच तिचं लेकरू. ज्येष्ठात ती झाडांभोवती आळी करी. श्रावणात तेरड्याखालचं गवत काढी. दिवाळी झाली की शेवंतीला आधाराच्या काठ्या लावी आणि थंडीत ओंजळीने शेणखत घाली. मग फाल्गुन-चैत्रात बाग अशी फुलून येई, की रस्त्याने जाणारा माणूस कुंपणापाशी पाय रोवून उभा राही. मोगरा, अबोली, जास्वंद, आणि पार टोकाला कांचनाचं झाड.

मुलांनो, सगळा गाव ती बाग बघे. फक्त म्हाळसा बघत नसे. तिला फूल दिसायच्या आधी त्याखालचं तण दिसे.

रोज संध्याकाळी रायाजी माग थांबवून मागच्या ओट्यावर घोंगडं पसरी आणि हाक मारी, "अगं, ये. बैस जरा. बागेत एक फेरी मारू दोघं."

"आलेच. एवढं आळं भरते नि येते."

ते आळं भरे, मग दुसरं निघे. ती हात धुऊन येई तेव्हा अंधार झालेला असे. रायाजी मुकाट्याने घोंगडं घडी करून आत नेई.

अशी कितीतरी वर्षं गेली.

एका वसंतात मात्र रायाजी सारखा हाका मारू लागला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शेवटी तो म्हणाला, "यंदा तरी ये गं."

म्हाळसेला हसू आलं. "फुलं काय पळून चालली आहेत? पुढच्या वर्षी निवांत बसू."

तो वळून मागाकडे गेला.

पावसाळा सरला. थंडीच्या तोंडावर एके सकाळी म्हाळसा विहिरीवरून ओरडली, "अहो, शेवंती उमलली का बघा हो!"

रायाजी वाफ्यापाशी गेला. खाली वाकला. बोटांनी एकेक झुडूप चाचपून म्हणाला, "तीन उमलल्या आहेत."

"पिवळ्या की पांढऱ्या?"

तिने वळून पाहिलं. लख्ख ऊन होतं, आणि रायाजी फुलावर बोटं ठेवून भलतीकडेच बघत होता.

"ते तू सांग," तो हळूच म्हणाला.

तिच्या हातातली घागर निसटली. धावत जाऊन तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"कधीपासून?"

"होळीच्या आधीच वैद्यबुवांनी सांगितलं होतं. वर्षभरात नजर जाईल, उपाय नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. मला तू माझ्याजवळ फुलं बघत बसायला हवी होतीस."

त्या दिवसापासून म्हाळसेने बागेत पाऊल टाकलं नाही. खुरपं माळ्यावर फेकलं. ज्या बागेने आपल्याला नवऱ्यापासून लांब ठेवलं, ती वाळून जाऊ दे, असं तिच्या मनाने घेतलं. शेवंती माना टाकू लागली.

आठव्या दिवशी मागच्या अंगणात पाण्याचा आवाज आला म्हणून ती दारात आली. रायाजी घागर घेऊन उभा होता आणि पायवाटेच्या दगडावर मन लावून पाणी ओतत होता.

"अहो, तिथे काही नाही!" ती अंगणात धावली.

"मग कुठे आहे ते दाखव ना," तो म्हणाला.

तिने त्याचा हात धरला आणि शेवंतीच्या मुळाशी नेऊन टेकवला. त्या थंडीत दोघांनी मिळून बाग राखली. कापड ओळखणारी त्याची बोटं आता पानं ओळखू लागली. चुकून तणाऐवजी अबोलीचं रोप उपटलं तर दोघं हसत, आणि ते पुन्हा लावत.

फाल्गुन आला. कांचनाच्या झाडावर फुलं आली. त्या संध्याकाळी ऊन असतानाच म्हाळसेने हात धुतले. तण होतं, पण राहू दिलं. तिने रायाजीला हाताला धरून थेट कांचनाखाली नेलं.

"कांचन फुललाय," ती म्हणाली.

"ते कळलं मला. मधमाश्या ऐकू येताहेत. कसा फुललाय ते सांग."

म्हाळसेने तोंड उघडलं आणि ती थबकली. तिला सांगताच येईना. मग तिने फांदी खाली ओढली, एक फूल डोळ्यांजवळ धरलं आणि सावकाश बोलू लागली.

"पाच पाकळ्या आहेत. चार फिक्या, अगदी पहाटेच्या ढगासारख्या. आणि पाचवी वेगळीच आहे हो! गर्द जांभळी, तिच्यावर बारीक बारीक रेघा." तिला हुंदका आला. "इतकी वर्षं याला पाणी घातलं मी. हे कधी पाहिलंच नव्हतं."

"मीही नव्हतं पाहिलं," रायाजी म्हणाला. "मी ओट्यावरूनच बघायचो. जवळ जायचं ते तुझ्याबरोबर, म्हणून थांबलो होतो."

म्हाळसेने ते फूल त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटली.

रायाजीची नजर काही परत आली नाही. साधं कापड तो हाताच्या सवयीने विणत राहिला. बाग पूर्वीसारखी नीटनेटकी दिसेना, तेव्हा शेजारणी कुजबुजल्या. म्हाळसेने मनावर घेतलं नाही. बहाव्याचा पिवळाधमक उन्हाळा, तेरड्याचा पावसाळा, पहाटेचा प्राजक्त, एकेक ऋतू ती नवऱ्याला सांगत गेली, आणि सांगता सांगता स्वतः बघायला शिकली.

तात्पर्य : बहर दर वर्षी येतो, पण तो सोबतीने बघायची वेळ परत येईलच असं नाही, म्हणून हाक आली की हातातलं काम ठेवून जावं.