डोळ्यांदेखतची सही

फोर्टात नेरूरकरसाहेबांची सॉलिसिटरची मोठी पेढी होती. तिथे इरावती उमेदवारी करत होती. सॉलिसिटर व्हायचं तर अशी काही वर्षं काढावी लागतात, आणि शेवटी साहेबांनी उमेदवारीच्या कागदावर सही दिली तरच परीक्षेला बसता येतं. तिची उमेदवारी आता संपत आली होती.

एके दिवशी पेढीचे जुने अशील गोवर्धनशेठ बक्षीसपत्र घेऊन आले. अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या भावाने कारखान्याच्या जागेतला आपला हिस्सा त्यांना देऊन टाकला होता म्हणे. खाली भावाची सही होती, साक्षीदाराची जागा मात्र रिकामी होती. साक्षीला उमेदवारालाच बोलवायचं, अशी पेढीची रीत.

“कर गं सही,” साहेब म्हणाले.

“साहेब, त्यांना सही करताना मी पाहिलं नाही.”

शेठ हसले. “पोरी, आम्हाला कायदा शिकवतेस?”

साहेबांचा आवाज चढला. “एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर तुझा विश्वास नाही? मग तुझ्या कागदावर मी कोणत्या विश्वासाने सही करू?”

तरी इरावती हळूच म्हणाली, “विश्वास आहे ना साहेब. म्हणून म्हणते, साक्षीदार म्हणून आपणच सही करा. आपण सही करताना मी बघेन, आणि तेवढ्याची साक्ष कुठल्याही कोर्टात देईन.”

साहेबांनी पेन उघडलं. बराच वेळ ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग टोपण लावत म्हणाले, “शेठ, गाडी काढा. भावाकडे जाऊ. आमच्यासमोर करू दे त्याला सही.”

“आज नको,” म्हणत शेठनी कागद उचलला. ते बक्षीसपत्र पुन्हा काही पेढीत आलं नाही.

इरावतीची उमेदवारी संपली, त्या दिवशी साहेबांनी तिचा कागद पुढे ओढला.

“अशी समोर उभी राहा,” ते म्हणाले. “मी सही करताना नीट बघ.”